हजेरीतलं पहिलं नाव

२ ऑगस्ट, सकाळी
आजपासून रोजनिशी. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सभागृहाचा मेंबर होऊन दोन वर्षं झाली, आता मोठं व्हायला हरकत नाही.
संकल्प: टेकडीवरच्या दवाखान्यात नर्स आणणे. दीड वर्षापूर्वी फीत मीच कापली. नर्स नाही म्हणून कुलूपही मीच लावलं. चावी माझ्या खणात आहे. मेहुणी कालोंडू सातव्या महिन्यात आहे. वेळ भरपूर.

५ ऑगस्ट
क्लार्क मुथेऊ म्हणते, लोकसहभागाची सभा घ्या, शंभर तरी सह्या आणा, वीस तारखेच्या आत. त्याशिवाय नर्सची जागा योजनेत जात नाही. जागा मिळाली तर सप्टेंबरात नर्स हजर. सोपं आहे. गुरुवारी सभा.

८ ऑगस्ट, गुरुवार
सभा रद्द. बाजाराचा दिवस, कोण येणार?
गावची सुईण स्योम्बुआ आजी दर सभेला पहिल्या रांगेत बसून चावी कुठाय म्हणून विचारते, हे कारण नाही. सहज नमूद करतो.

१० ऑगस्ट, शनिवार
क्येंगो म्हाताऱ्यांचा अंत्यविधी. मांडव, लाऊडस्पीकर, दोनशे माणसं. नेहमीप्रमाणे भाषण केलं. आणि अचानक सुचलं! लोक आयतेच जमलेत. दोन मिनिटं दवाखान्यावर बोललो. पाद्रीबुवांनी डोळे वटारले. शोकवहीत लोकांच्या सह्या होत्याच.
क्येंगोंनी नर्सबद्दल मला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा म्हणालो, पुढच्या महिन्यात. मनाला लागलं. पण मक्या-घेवड्याची मुथोकोई छान झाली होती, दोनदा घेतली.

१९ ऑगस्ट
शोकवहीची पानं मागून आणली, मुथेऊकडे दिली. एकशे सदतीस सह्या. थोडं टोचलं. पण लोक होते, बोलणं झालं, सह्या झाल्या. सभा म्हणजे आणखी काय असतं?

२७ ऑगस्ट
प्रस्ताव फेटाळला. पहिल्या पानावर घरच्यांनी सगळ्यात वर क्येंगोंचं नाव ठळक लिहिलं होतं, जन्म आणि मृत्यूच्या तारखांसकट. मी पान वाचलंच नव्हतं. मुथेऊने सगळ्या समितीसमोर विचारलं, मेंबरसाहेब, तुमच्या सभेला पहिली हजेरी लावणारे आधीच गेले होते, की तुमचं भाषण ऐकून गेले?
सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?
नर्स शेजारच्या वॉर्डाला गेली. तिथल्या मेंबराने आंब्याखाली बसून तीन तास शिव्या खाल्ल्या म्हणे. माझ्याच्याने झालं नसतं. करून बघितलंही नाही.

१ सप्टेंबर
बायकोला, न्थेन्याला, सांगितलं, प्रक्रिया चालू आहे. ती म्हणाली, कुठली? मी म्हणालो, चहा दे.
संकल्प: कालोंडूसाठी गाडी सदैव तयार ठेवणे. हे नक्की.

५ ऑक्टोबर, शनिवार
पलीकडच्या गावात अंत्यविधी. गाडी माझ्याकडे, भाषण चालू म्हणून फोन बंद. सुरू केला तर न्थेन्याचे अकरा कॉल.
दुपारी कळा सुरू झाल्या. गाडी नाही, म्हणून शेळ्यांच्या पिकअपमधून शहरातल्या दवाखान्यात नेत होते. टेकडीपर्यंतच पोचले. माझ्या दवाखान्याच्या पायरीवर, बंद दारासमोर, स्योम्बुआ आजीने बाळंतपण केलं. मुलगा. दोघं सुखरूप. देवाची कृपा. माझी काहीच नाही.

८ ऑक्टोबर
तीन दिवस झाले, रीतीप्रमाणे बारसं. चावी खिशात घालून गेलो. आपल्याकडे बाळ जसं आलं तसं त्याचं नाव. पहाटे आलं तर क्योको. याचं ठेवलं म्वान्झिया, वाटेत जन्मलेला. बाहेरच्यांना ते नुसतं नाव वाटेल. मला दर हाकेला ऐकू येणार.
न्थेन्या बाळ माझ्या हातात देत म्हणाली, घ्या, ही तुमची प्रक्रिया.
माझे डोळे भरले. आजीने फक्त हात पुढे केला. मी चावी दिली. तिने पदराच्या गाठीत बांधली आणि विचारलं, सभा कधी, मेंबर?
म्हणालो, गुरुवारी.
ती म्हणाली, गुरुवारी बाजार असतो ना?