परतीच्या वाटीत काय घालायचं

आई, तुला एक विचारायचं आहे. विचारायला इतकी वर्षं का लागली, याचंच मला जास्त नवल वाटतं. आपण बाबांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा भिंतीपलीकडच्या मावशींकडून अधूनमधून वाटी यायची. कधी खीर, कधी तिळाचे लाडू, सणावारी पुरण. ती वाटी तू कधी रिकामी परत पाठवली नाहीस. त्यात विशेष काही नाही, तेव्हा कुणीच पाठवत नसे. पण तू तिच्यात जे घालायचीस ते नेहमी कोरडं आणि कच्चं असायचं. भुईमुगाच्या शेंगा, ओला हरभरा, दोन लिंबं, बोरं, पारशिवनीच्या मामाने आणलेले नवे तांदूळ. शिजवलेलं कधीच नाही. आणि तुझ्या हातची कोथिंबिरीची सांबारवडी तर अशी की तळायला घेतलीस की अख्ख्या लायनीत वास पसरायचा. मी एकदा विचारलं होतं, "आई, मावशीले वडी काहून नाही देत आपण?" तू झाऱ्यावरची वडी निथळवत होतीस. मागे न पाहताच म्हणालीस, "त्यायच्यात तिखट नाही खात वं." मला ते पुरलं. इतकं पुरलं की तू गेल्यावरही, मी तुझ्या वयाच्या पुढे निघून आले तरीही, मावशींचं घर म्हटलं की मला फिकं वरण आठवत राहिलं.

मध्यंतरी एक साथ येऊन गेली. तुझ्या बोलण्यात देवी आणि पटकी असायची, ही तुला ठाऊक नसलेली. तू असतीस तर आम्हाला पाहून तुला करमणूक झाली असती. दुधाच्या पिशव्या आम्ही साबणाने धुतल्या. पालक, मेथी, कोहळं, सगळं सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवलं. तुझा जावई रोज सकाळी वर्तमानपत्राला इस्त्री करायचा. पहिलं पान कडक, आतली जरा हलक्या हाताने. खेळाच्या पानाला करत नव्हता, खेळच बंद होते तर तिथे कोण शिवणार, असं त्याचं म्हणणं. फोन लावला की माणसाचा आवाज यायच्या आधी सरकारी सूचना ऐकावी लागे, आणि तोवर आपण फोन कशाला केला तेच विसरायचं. भाजीवाला यायचा, पण सांबाराची जुडी मागितली की लांबूनच पिशवीत टाकायचा. पैसे भिंतीवर ठेवा म्हणायचा. कुणाच्या हातातून कुणी काही घेत नव्हतं. हे सगळं बघताना मला कशाची तरी आठवण येऊन राहायची, पण कशाची ते कळत नव्हतं.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. ती माझ्या मुलीच्या वयाची, तिचा नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, आणि घरात एक लहान पोरगी. गुरुवारी उपास, चतुर्थीला मोदक, दारात रांगोळी. मला काकू म्हणते. साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही आजारी पडलो तेव्हा रोज दुपारी हिच्याकडून डबा यायचा. जिन्याच्या वळणावर तिने एक लाल प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं होतं. त्यावर डबा ठेवायची, चार पायऱ्या खाली उतरायची आणि ओरडायची, "काकू, ठेवला हो! काका जेवून राहिले का नुसती मान हलवून राहिले?" मी दारातूनच सांगायची की मला चव लागत नाही, वासही येत नाही. त्यावर ती म्हणायची, "मंग माह्या हातचं खायले हीच बरी वेळ आहे. आज भरली वांगी आहे, खारट झाली तरी तुम्ही काही म्हणू नाही शकत." त्या दिवसांत मी भाजी डोळ्यांनी ओळखायला शिकले. आणि तिच्या डब्यावर तुझा जावई आधी औषधाचा फवारा मारायचा, मग मी तो उघडायची. तिच्या घरी कुणी आजारी नव्हतं, आजारी आम्ही होतो. तरी फवारा तिच्या डब्यावर. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

डबा परत करताना मी अडले. तुझीच पोर ना मी, रिकामा कसा देऊ. मी तिला वरून विचारलं, काय घालू? ती खालून हसत म्हणाली, "रिकामाच द्या काकू. सध्या तुमच्या घरचं काही नको!" मीही हसले. बरोबरच बोलत होती ती, डॉक्टरनेही हेच सांगितलं असतं. मी डबा उकळत्या पाण्यातून काढला, बाल्कनीत उन्हात वाळवला आणि रिकामाच स्टुलावर ठेवला. पण ते वाक्य माझ्या अंगाला कुठेतरी चिकटून राहिलं. राग नाही आला, आई. नुसतं चिकटलं, कापडाला गोखरू चिकटावं तसं, आणि काढायला गेले तर कुठे आहे ते सापडेना.

आम्ही बरे झालो आणि ती पडली. नवरा तिकडे अडकलेला, पोरगी धड भात लावता न येण्याच्या वयाची. कामवाल्या बाईला इमारतीत यायला बंदी. बाहेरून जेवण मागवावं तर आमच्या भागात कुणी आणून द्यायला तयार नाही. आता पाळी माझी होती. मी उत्साहाने डबा भरायला घेतला. मुगाची डाळ निवडून पुडी बांधली. तांदूळ धुऊन, वाळवून. गूळ, शेंगदाणे, चार लिंबं. सगळं कसं स्वच्छ, नीटनेटकं. स्टुलावर ठेवलं, वर आले आणि फोन लावला. सूचना संपेपर्यंत थांबले. ती खोकत खोकत म्हणाली, "काकू, पोरीनं डबा आणला. दाळ आहे याच्यात."

"हो गं, मुगाची. हलकी असते."

"कच्ची आहे, काकू."

मग ती म्हणाली, आणि तापातही तिच्या आवाजात तिची ती खोड होती, "मले उभं राहवत नाही अन तुम्ही दाळ पाठवली? कोण शिजवन, काका येतात का खाली? का तुमच्या घरचा गॅस संपला?"

फोन ठेवला तेव्हा मी ओट्यापाशी होते. माझ्या शेजारी कुकर, भरलेलं सिलिंडर, आणि आमच्या दोघांसाठी केलेली गरम खिचडी. मी स्वतः खिचडी खाणार होते आणि तापाने फणफणलेल्या बाईला तांदूळ पाठवले होते. हे मी का केलं? मूर्ख बाई नाही मी. विसरलेही नव्हते. पुड्या बांधताना शिजवलेलं पाठवावं हा विचार माझ्या मनात येऊन गेला होता, आणि हातांनी तो बाजूला सारला होता. शिजवलेलं त्यांना चालेल की नाही, कोरडं बरं. हे मी माझ्याशी बोलले होते, स्पष्ट शब्दांत. आमचे रिपोर्ट नीट आले होते, त्यामुळे साथीचं कारण उरलं नव्हतं. मग "चालेल की नाही" हे कुठून आलं? हे शब्द माझे नव्हते. मी ते कुणाच्या तरी तोंडून ऐकले असावेत, किंवा ऐकलेही नसतील, नुसते पाहिले असतील.

तिथेच, ओट्यापाशी, मला मावशींचा तांब्या आठवला. मी वाटी घेऊन जायची. मावशी दारात यायच्या, हसून विचारायच्या, शाळेत काय शिकवलं. मग म्हणायच्या, "ठेव तिथं." मी दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवायची. त्या तांब्यातून वाटीवर पाणी ओतायच्या, शेंगा भिजल्या तरी, आणि मग आत न्यायच्या. मला वाटायचं, किती स्वच्छ आहेत मावशी. घरी आले की तू पडद्याशी उभी असायचीस. "हातातून घेतली का वं?" विचारायचीस. मी कधी हो म्हणायची, कधी ओट्यावर ठेवायला सांगितली म्हणायची. तू दोन्ही वेळा "बरं" म्हणून आत जायचीस. त्या दोन "बरं"मध्ये फरक होता का, हे मी आता किती आठवायचा प्रयत्न करते. तू दीक्षाभूमीवर उभी राहिलीस तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. घरात फोटो होता, वंदना होती, बाबांची नोकरी होती, मला शाळेत पहिल्या बाकावर बसवलं जायचं. पटकी, देवी, पारशिवनीचा दुष्काळ, सगळं तू मला सांगितलंस. हे एवढंच नाही सांगितलंस. सांगितलंस ते तिखटाचं.

खिचडी मी डब्यात भरली. झाकण लावताना हात थांबला, खरं सांगते. मग खाली नेली. स्टुलाशी पोचले तर तिने आतून हाक मारली, "दारापाशीच ठेवा काकू, पोरगी झोपली, मले तिथवर येववत नाही." मी दारात ठेवली आणि पायऱ्यांवर उभी राहिले. दार उघडलं, मास्क लावलेली, केस विस्कटलेली ती वाकली, डबा उचलला, उंबऱ्यावरच बसली आणि झाकणातच घेऊन खायला लागली. तुपाची वाटी मी आत ठेवली होती, तीही तिने तिथेच ओतून घेतली. भुकेलं माणूस खाताना बोलत नाही. त्यानंतर ती उठून फिरायला लागेपर्यंत आमचा डबा रोज खाली गेला.

मग मला प्रश्न पडायला लागले, आणि ते सगळे तुझ्याकडे येतात. पहिला हा की कोरडंच द्यायचं, हे तुला कुणी सांगितलं होतं का? मावशींनी एखादी वाटी परत पाठवली होती का, किंवा तुझ्यासमोर गाईला घातली होती का? की तसं काही घडायच्या आधीच तू ठरवून टाकलंस, म्हणजे घडायला जागाच राहू नये? मी जसं खालच्या मजल्यावरच्या हिच्यासाठी ठरवलं, तिला न विचारता? दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. एका दुपारी तू वड्या तळत होतीस आणि मावशी भिंतीपलीकडून म्हणाल्या होत्या, "काय करून राहिल्या वं आज? वास येऊन राहिला न इकडे." मी पाटावर बसलेली होते, मला नीट आठवतं. तू कढईत पाहत म्हणालीस, "काही नाही बाई, रोजचंच." मग पलीकडे बादलीत नळ सोडल्याचा आवाज आला. आई, त्या मागत होत्या का? तुला तसं वाटलं का? मावशी वाईट नव्हत्या. तुझ्या आजारपणात त्या उशाशी बसल्या आहेत, तुझं डोकं चेपलं आहे. तांब्याही त्यांचाच, आणि ते हातही त्यांचेच. हे दोन्ही एका बाईत कसं मावत होतं हे मला जाणून घ्यायचं आहे. भांडायला नाही, नुसतं जाणून घ्यायला. तू त्यांना एकदा वडी दिली असतीस तर काय झालं असतं? कदाचित त्यांनी खाल्ली असती. कदाचित तुला बघायला लागलं असतं की खाल्ली नाही. तू दुसऱ्या शक्यतेला भ्यायलीस की पहिलीची वाट पाहून कंटाळलीस, हे मला इथून ठरवता येत नाही.

थंडी पडली, सांबार स्वस्त झाला, तेव्हा मी वड्या करायला घेतल्या. जुड्या निवडून, कपड्यावर पसरून, खसखस आणि खोबरं भाजून, चिंचेचा मसाला पारीला लावून, तुझ्या पद्धतीने. माझा वास परत आला होता. तेल तापलं आणि खालून आवाज आला, "काकू, काय तळून राहिल्या? इथवर वास येऊन राहिला न!" मी झारा धरून तशीच उभी राहिले. मग वरूनच ओरडले, "सांबारवडी! आणते खाली!" एवढं मोठ्याने ओरडायची गरज नव्हती.

स्टूल अजून वळणावर होतं, त्यावर आता कुणाची तरी कुंडी ठेवलेली. मी दारात गेले. तिने डबा माझ्या हातातून घेतला, झाकण काढलं आणि उभ्या उभ्याच एक वडी मोडून तोंडात टाकली. मी तिच्याकडे पाहत होते, तू पडद्याशी पाहायचीस तशीच असणार. ती चावत चावत म्हणाली, "मस्त आहे. पण काकू, फिक्की झाली न. आमच्या घरी एवढं मिळमिळीत कोणी नाही खात. पुढच्या वेळी मिरची टाका जराशी."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे पाकीटही घेतलेलं नाही. फक्त एक सांगते. मसाला वाटताना मिरची मीच कमी घेतली होती. विसरून नाही, मोजून कमी. तू सांगितलं होतंस ना, त्यांच्यात तिखट नाही खात.