स्टँडर्ड पायलट, सत्त्याहत्तर किलो

१ जून, शनिवार. सकाळी ६.
चाचणीचे चाळीस तास काल संपले! आता शेजारच्या सीटवर माणूस बसवायला कायद्याची परवानगी. अकरा वर्षं गॅरेजमध्ये घालवली, पण विमान असं झालंय की अख्ख्या क्वीन्सलँडनं बघत राहावं. पहिला मान ग्लेनिसचा.
२७ जुलैला लग्नाला चाळीस वर्षं. हनिमूनला फ्रिगेट बेटावर गेलो होतो, मासेमारीच्या बोटीनं. ग्लेनिस जाताना ओकली, येताना ओकली. धक्क्यावर उतरल्या उतरल्या म्हणाली, मर्व्ह, मेले तरी पुन्हा बोटीत बसणार नाही. मी म्हणालो, पुढच्या वेळी तुला उडवत नेईन. दिलेला शब्द पाळणारच. आमची उडाणटोळी त्याच दिवशी तिकडे निघणार आहे, चार विमानं.
वजनाचा कागद तपासला. माणसं आणि सामान मिळून दीडशे किलो चालतात. ग्लेनिस अठ्ठावन्न, सामान दहा, पायलट सत्त्याहत्तर. विमानाच्या प्लॅनवर तसं छापलंच आहे: स्टँडर्ड पायलट, ७७ किलो. पाच किलो शिल्लक. तेवढ्यात बिअर बसेल.
उद्यापासून सॉसेज रोल बंद. गरज नाही, शिस्त म्हणून.

४ जून, मंगळवार.
ग्लेनिस बोल्स खेळायला गेली. दर मंगळवारी जाते, नोएलीनबरोबर. नोएलीन आमच्या टोळीची म्होरकी. पूर्वी शाळेत पी.टी. शिकवायची, अजून सगळ्यांना रांगेत उभं करते. ग्लेनिसला आभाळाची ओढ नाही, बिचारीला गवतावर चेंडू घरंगळवण्यात सुख.
तिची मदत झाली नाही असं मात्र म्हणणार नाही. शेपटीत रिव्हेट ठोकताना आतून लोखंडी ठोकळा धरायला कुणीतरी बारीक लागतं. ती शिरायची. अकरा हजार रिव्हेट. मी बाहेरून ठोकले, म्हणजे खरं काम माझंच.
सॉसेज रोल: एक. निरोपाचा.

११ जून.
आमच्या टोळीतला कॉल घरी येऊन गेला. काटकुळा माणूस, विमान पिवळंधमक. माझ्या विमानाची शेपटी उचलून बघितली न् म्हणाला, मर्व्ह, अरे हे विमान बांधलंस की नांगर? जळतो मेला.

१८ जून. रात्रीचं जेवण झाल्यावर.
आज धन्य झालो. ग्लेनिसनं आपणहून विचारलं, आखूड धावपट्टीवर उतरताना पंखांचे फ्लॅप किती सोडायचे रे? आणि आडवा वारा असेल तर? चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या विषयात रस! मी पाऊण तास समजावलं. मध्ये तिनं माझा एक आकडा दुरुस्त केला. मोठ्या मनानं सोडून दिलं.
तिच्या डोळ्यांभोवती गॉगलचा पांढरा ठसा उठलाय. बोल्सला एवढं ऊन लागतं?

२ जुलै.
नोएलीनचा हुकूम. २१ तारखेला सगळ्यांनी हँगरमध्ये हजर व्हायचं, काट्यावर उभं राहायचं, बुटांसकट, पिशवीसकट. म्हणे फ्रिगेटची पट्टी आखूड, संपली की थेट पाणी. काटा तिच्या मेव्हण्याच्या कोळंबीच्या शेडमधला. मी माणूस आहे, कोळंबी नाही, असं सांगितलं. तिनं माझ्या नावापुढं खूण केली.
घरच्या काट्यावर चढून बघितलं. १०३ दाखवतो. बिघडलाय. २०१३ पासून बिघडलाय.

३ जुलै, बुधवार.
उपाय सापडला. विमानाला डाएट! गालिचा काढला, कप ठेवायची खोबण काढली, नकाशांची पेटी काढली, उजव्या सीटची उशी काढली. एकूण पाच किलो. आता मर्यादा एकशे पंचावन्न. ग्लेनिस बघून म्हणाली, नेमकी माझ्याच बाजूची उशी का रे? मी म्हटलं, हे विज्ञान आहे.  मंगळवार नसताना ती बोल्सला निघून गेली.

१४ जुलै.
पळायला गेलो. उसाच्या पहिल्या शेतापर्यंत पळत, तिथून कुणाच्या तरी ट्रकनं परत. टूथब्रशच्या दांड्या कापल्या. तिची आधी.

२१ जुलै, रविवार.
हा दिवस वहीत लिहूच नये, पण लिहितो.
कॉल चौसष्ट. त्याच्यामागे मी. पिशवी बाजूला ठेवली, पट्टा काढला, घड्याळ काढलं, श्वास पूर्ण सोडला. नोएलीन मैदानावर ओरडावं तशी ओरडली, मर्व्ह, एकशे चार! आणि फळ्यावर खडूनं लिहिलं, ठळक. कॉल म्हणाला, पायलट एक की दोन? मी शांतपणे दाखवलं की प्लॅनवर सत्त्याहत्तर छापलंय. तर ती म्हणते, तो कागदावरचा माणूस आहे रे, तो कधी जेवत नाही.
मी आणि ग्लेनिस मिळून एकशे बासष्ट. सात किलो जास्त, तेही पिशवीशिवाय. मी म्हटलं, इंधन कमी घेऊ. नोएलीन म्हणाली, बेटावर पंप नाही, येण्याजाण्याचं इथूनच भरायचं. का मध्ये समुद्रात कुणी पंप उघडलाय?
सहा दिवसांत सात किलो. अवघड नाही.

२३ जुलै.
कोबीचं सूप. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दोनशे ग्रॅम उतरले. आनंदाच्या भरात बेकरीत गेलो.

२५ जुलै.
कठोर निर्णय. एकालाच उडता येईल. पायलट मी, म्हणून मीच. ग्लेनिस सामानाच्या बार्जनं, म्हणजे त्या सपाट बोटीनं, येईल. चाळीस वर्षांपूर्वीची ओकारी कोण लक्षात ठेवतं? तिच्यासाठी आल्याच्या गोळ्या आणल्या आहेत. आज सांगणार होतो, पण ती माझा शर्ट इस्त्री करत होती. जीभ रेटेना.

२६ जुलै.
हँगरमध्ये, सगळ्यांसमोर सांगितलं. चारचौघांत ती रडणार नाही असा हिशेब.
रडली नाही. पर्समधून एक कार्ड काढून पंखावर ठेवलं. पायलटचं लायसन्स. फोटो तिचा, तारीख मार्चची. नोएलीन छताकडे बघायला लागली. नोएलीनचं विमान माझ्याच प्लॅनवर बांधलेलं, दर मंगळवारी त्यातच शिकवणी. बोल्स म्हणे!
ग्लेनिस म्हणाली, मर्व्ह, अकरा वर्षं त्या शेपटीत अंग चोरून बसले. म्हटलं, एकदा तरी पुढं बसू. तू नेशील म्हणून वाट बघितली, मग कंटाळून शिकले. उद्या आपण दोघं जाऊ आणि वाटेत तुला चकित करीन असं मनात होतं. तू मला बोटीत घालायला निघालास?
कुणी हसलं नाही. कॉलसुद्धा नाही. तेच फार लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
चावी दिली. आल्याच्या गोळ्या तिनं माझ्या खिशात घातल्या.

२७ जुलै. बार्जवरून.
८.१०. निघालो. सोबत तंबू, बिअर आणि तो कोळंबीचा काटा.
८.२५. ओकलो.
९.०५. पुन्हा. तिला तेव्हा काय झालं असेल ते आज कळलं. माफी मागायला हवी.
९.४०. डोक्यावरून चार विमानं. तिसरं आमचं. तिनं पंख हलवले. माझे डोळे भरून आले. खलाशानं विचारलं, ते चंदेरी कोण उडवतंय? म्हटलं, बायको माझी! थांबवायच्या आत छाती फुगली होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
तिचं लँडिंग सुरेख झालं म्हणतात. माझ्या सीटवर बेल्ट लावून केक आणला होता, चॉकलेटचा, तिमजली. माफी मागितली. ती म्हणाली, बस, खा.
आणि आनंदाची बातमी! येताना सात किलो इंधन जळालं, म्हणजे परतीला सात किलोंची सवलत. नोएलीननं मांडून दाखवलं: मर्व्ह, बरोबर एकशे चार. फळ्यावर होतास तेवढाच राहा, उद्या बायकोशेजारी बसून जाशील. मी तर बार्जवर निम्मा रिकामा झालोय. चिंताच नाही.
खेकडे. बिअर. केक: दोन तुकडे. तिनं हातानं केलेला, नाही कसं म्हणायचं? तिसरा कॉलनं आग्रह केला म्हणून.

२८ जुलै, रविवार. सकाळी ९.
एकशे सहा.
नोएलीननं दोनदा तोललं. बूट काढले. ग्लेनिस म्हणाली, विजारही काढ, फरक पडायचा नाही. मग हसली आणि माझ्या गालाला लागलेलं चॉकलेट पुसलं.
१०.१५. बार्जवर. विमानातला वजनाचा कागद निघताना बघितला. पायलटच्या रकान्यात ७७ खोडून तिनं ५८ लिहिलंय. प्रवाशाच्या रकान्यात: उरलेला केक, तीन किलो.