भिंतीतल्या गोचिडी

आई, आज सकाळी आमच्या कुत्रीच्या उजव्या कानाच्या घडीत एक गोचीड सापडली, मुगाच्या डाळीएवढी. मी ती चिमट्यात धरून उभा असताना तुझी नात म्हणाली, "बाबा, ही येते कुठून? मतलब, आपल्या घरात तर दुसरा कुत्रा नाहीच." तुला ती भेटली नाही. तू गेलीस त्यानंतर चार वर्षांनी ती झाली. तिचं मराठी अडखळत चालतं, पण प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत ती समोरच्यावरची नजर काढत नाही, आणि ही सवय तिच्यात कुठून उतरली ते मला शोधावं लागत नाही. मी म्हटलं, "भिंतीतून." तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग मला तिला आपल्या बनी पार्कच्या घराची सगळी गोष्ट सांगावी लागली, आणि सांगताना त्यातला एक तुकडा मी गाळला. तोच तुला लिहायला बसलो आहे. नात शाळेत गेली आहे, ऑफिसला आज सुट्टी आहे, आणि बाहेर ऊन इतकं आहे की कुत्री अंगणातून उठून माझ्या खुर्चीखाली फरशीला पोट लावून पडली आहे.

बाबांची बँकेतली बदली तीन वर्षांसाठी झाली होती आणि आपण जयपूरला राहूनच गेलो. बनी पार्कमधलं ते भाड्याचं खालचं घर, जाड भिंती, जुना चुन्याचा गिलावा जागोजागी फुगलेला. तू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर माणसांचं रक्त तपासायचीस आणि घरी आलीस की स्वयंपाकाच्या ओट्यावर, खिडकीजवळ, तुझा तो कॉलेजच्या काळातला मायक्रोस्कोप. त्याला दिवा नव्हता, खाली आरसा होता, आणि तू तो फिरवून खिडकीतलं ऊन नेमकं काचपट्टीवर आणायचीस. एका बाजूला कुकरच्या शिट्ट्या, दुसऱ्या बाजूला कांद्याचा पापुद्रा, डबक्यातलं पाणी, माझ्या डोक्यातला कोंडा. "हे पाहा," म्हणायचीस, आणि मी पाहीपर्यंत भाजी खाली लागायची. नागपूरहून येताना तू भांडी कमी आणली होतीस आणि हा मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन आली होतीस, असं बाबा सगळ्यांना सांगायचे.

कुत्री आपल्याकडे स्वतःच आली. अंगणातल्या कडुनिंबाखाली बसली आणि उठेचना. घरमालकीणबाईंनी नाक मुरडलं, तू तिला आधी जंताचं औषध दिलंस आणि मग पोळी. कंपाउंडच्या भिंतीवर एक मांजरही यायची. एकदा मी कुत्रीच्या गोचिडीची पावडर मूठभर घेऊन त्या मांजरीकडे निघालो होतो, चांगल्या हेतूनंच, आणि तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की पावडर सांडली. "काय करून राहिलास तू? ती आंघोळ कशानं करते?" मला कळेना. "जिभेनं करते ना? मग तू जे अंगावर टाकशील ते तिच्या पोटात जाईल. कुत्र्याला चालतं म्हणून मांजरीला चालत नसते." तेव्हा मला राग आला होता. गेल्या वर्षी तुझ्या नातीनं सांगानेरच्या एका छपाईच्या कारखान्यामागून मांजरीचं पिल्लू उचलून आणलं, तेव्हा आमची जनावरांची डॉक्टरही पहिल्यांदा हेच म्हणाली. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांनी मांजरीला झटके येतात, ती मरूही शकते. मी मान डोलावत होतो आणि माझं मनगट दुखत होतं.

आता तो मे महिना. मी तेरा वर्षांचा होतो. नागपूरला आजोबांना बरं नव्हतं आणि तू दोन आठवड्यांसाठी निघालीस. निघताना मला एक वही दिलीस. रोज संध्याकाळी कुत्रीला तपासायचं: दोन्ही कान आतून, गळपट्ट्याखाली, काखांमध्ये, पायाच्या प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये. सापडेल ती चिमट्यानं, कातडीच्या अगदी लगत धरून, सरळ ओढायची. पिळायची नाही, काडी लावून जाळायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकायची आणि किती निघाल्या तो आकडा लिहायचा. "आकडा महत्त्वाचा," तू म्हणालीस. "मला परत येऊन पाहायचं आहे, उन्हासोबत त्या वाढतात की कमी होतात." पहिल्याच संध्याकाळी एक टम्म फुगलेली गोचीड माझ्या बोटांत फुटली. ते काळपट रक्त नखात गेलं, मी तीनदा हात धुतले आणि जेवलो नाही. वहीत लिहिलं, शून्य. दुसऱ्या दिवशी मी कुत्रीजवळ गेलोच नाही आणि पुन्हा लिहिलं, शून्य. त्यानंतर सोपं होत गेलं. बाबा बँकेतून येऊन विचारायचे, "पाहिलंस?" मी म्हणायचो, "पाहिलं." तू यायच्या आदल्या दुपारी मला भीती वाटली. कुत्रीचा कान उलटून पाहिला तर आत द्राक्षांचा घड लागावा तशा लटकलेल्या. मी दोन तास बसून सगळ्या काढल्या, मोजल्या नाहीत, बादलीभर साबणाच्या पाण्यासकट मोरीत ओतून दिल्या. ती निमूट पडून होती. मला वाटलं, शहाणी आहे. ती आजारी होती हे मला समजलं नाही.

तू आलीस तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. तू बॅग खाली ठेवलीस आणि तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्यास, पांढऱ्या पडलेल्या. अंगणात तिनं लघवी केली ती काळ्या कॉफीसारखी. तू कान पाहिलेस, बोटं पाहिलीस, एकही गोचीड नाही. मग वही उघडलीस. तू पानावरून बोट खाली नेतेस आणि मी ओट्याला टेकून उभा आहे. "रोज पाहिलंस?" "हो." "नक्की?" "नक्की." तू वही मिटलीस.

तिच्या कानाच्या कडेला सुई टोचून तू एक थेंब काचपट्टीवर घेतलास आणि दुसऱ्या काचेनं पसरलास. त्या उन्हाळ्यात तो बोटं मागे घेईपर्यंत वाळला. लॅबमधून आणलेला जांभळा रंग, मग पाणी, मग भिंगाखाली तेलाचा थेंब. तू आरसा दोनदा फिरवलास. मग बाजूला सरकून म्हणालीस, "पाहा." गुलाबी चकत्यांसारख्या रक्तपेशी, आणि त्यांतल्या काहींच्या आत दोन इवलेसे थेंब, टोकाला टोक लावून. "मलेरियासारखं वाटतं," तू म्हणालीस, "पण मलेरिया नाही. असं मी माणसात कधी पाहिलं नाही." घाबरायला हवं होतं त्या वेळी तुझा आवाज उत्सुक होता आणि त्याची तुला लाजही वाटली असावी, कारण तू लगेच कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवलास. काचपट्टी रुमालात गुंडाळून आपण रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेलो, ती तुझ्या मांडीवर. तिथले म्हातारे डॉक्टर काच पाहून म्हणाले, "चीचड़ का बुखार है, मैडम. ठीक पकड़ा आपने." गाईम्हशींना देतात ते पिवळं इंजेक्शन तिला दिलं. चौथ्या दिवशी ती ताक प्यायली. आठवड्यानं उठून कडुनिंबाखाली जाऊन बसली.

इथे गोष्ट संपली असती, पण तुझी सुरू झाली. हा ताप गोचिडीच चावून देतात, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि वहीत तर चौदा शून्यं. बाबा म्हणाले, "पोरगं आहे, नीट पाहिलं नसेल." तू भाजी चिरता चिरता म्हणालीस, "त्यानं पाहिलं आहे. निरीक्षण बरोबर असेल तर आपली समजूत चुकून राहिली आहे." मी पाणी प्यायला गेलो आणि बराच वेळ माठाजवळच उभा राहिलो. खरं सांगायची ती वेळ होती. पण तू तोवर पुढे निघून गेली होतीस. गोचीड कुत्र्याच्या अंगावर राहतच नसेल तर? येत असेल, पीत असेल आणि निघून जात असेल? मग जाते कुठे?

तो आख्खा जून आपण ते शोधलं. पहाटे, ऊन चढायच्या आत, तू आणि मी, एक भिंग आणि तुझी जुनी हेअरपिन. आधी कुत्रीचं गोणपाट, मग फरशीच्या सांधी, मग कूलरच्या लाकडी चौकटीमागची ओलसर जागा. तिथे पहिल्या सापडल्या, धान्याच्या पेरणीसारख्या ओळीनं, गिलाव्याच्या भेगेत. तू इतकी आनंदलीस की बाबांना झोपेतून उठवलंस. मग आपल्या लक्षात आलं की खालच्या भेगांपेक्षा वरच्या भेगांत त्या जास्त आहेत, पार छताजवळ. का? कुत्री खाली झोपते, तर या वर कशाला जातात? तू एका काचेच्या बाटलीत पाच-सहा ठेवल्यास, तोंडाला मलमलीचं फडकं. त्या वर चढल्या. तू बाटली उलटी केलीस. त्या फिरल्या आणि पुन्हा वर. तू मला उलटी करायला दिलीस. आपण किती वेळा ती बाटली उलटी केली असेल. "अंडी उंचावर घालायची असतील, मुंग्यांपासून लांब," मी म्हटलं. "असेल," तू म्हणालीस, "किंवा त्यांना फक्त वर कुठे आहे एवढंच कळत असेल. आपल्याला माहीत नाही, लिहून ठेव." तू मोठ्या माणसाशी बोलावं तशी बोलत होतीस.

मग उकळतं पाणी भेगांत ओतणं, मग सिमेंट कालवून एकेक भेग बुजवणं. घरमालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "डॉक्टर साहब, बीमार कुतिया है कि दीवार?" तू शिडीवरून वळून, हातात थापी, गंभीरपणे म्हणालीस, "दीवार, बहनजी. कुतिया तो अब ठीक है." पुढच्या उन्हाळ्यात आपल्याकडे गोचिडी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्या, आणि त्या वेळी मी खरोखर मोजल्या. ती कुत्री आणखी नऊ वर्षं जगली.

तू शेवटी हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हा एका दुपारी तू डोळे मिटून विचारलंस, "त्या वर्षी चौदा दिवस एकही कशी दिसली नसेल रे? पिऊन जाते म्हटलं तरी एखादी दिसायला पाहिजे होती." इतक्या वर्षांनी ते तुला अजून खुपत होतं. मी उशी सरळ केली. "उष्णता फार होती," म्हणालो. तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस, "नाही, उष्णतेनं तर जास्त दिसतात." त्यानंतर तू झोपलीस. मी तेव्हा सांगू शकलो असतो. तुझ्याकडे अकरा दिवस होते, आणि रोज मी तिथेच बसायचो.

आमची आताची डॉक्टर तरुण आहे. महिन्याची गोळी देते, जी खाल्ली की चावलेली गोचीड आपोआप मरते. या वेळी आमच्याकडून गोळीला उशीर झाला म्हणून ही सकाळची सापडली. मागे तिला मी सहज विचारलं होतं, या राहतात कुठे? ती म्हणाली, "ज़्यादातर तो दीवारों में, अंकल. कुत्ते पर तो थोड़ी-सी दिखती हैं. महीनों भूखी बैठी रहती हैं दरारों में. और हमेशा ऊपर चढ़ती हैं." मी म्हटलं, ऊपर क्यों? तिनं कारण सांगितलं, मग स्वतःच हसून म्हणाली की नक्की नाही, पाहून सांगते. आई, तुला हे ऐकायला हवं होतं. तुझं बरोबर होतं, म्हणजे अर्धं. त्या भिंतीत राहतात. पण चावली की काही दिवस कुत्र्याला चिकटूनच असते, रोज पाहणाऱ्याला ती दिसतेच. तू खोट्या आकड्यांवरून निघालीस आणि जवळजवळ खऱ्या जागी पोचलीस. मी खरे आकडे लिहिले असते, तर तू म्हणाली असतीस, गोचिडी झाल्या, ताप आला, आणि पावडर वाढवली असतीस. भिंतीकडे कुणी पाहिलं नसतं.

हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. कुत्री मरता मरता वाचली, तीही तुझ्यामुळे, आणि तिच्या कानातलं ते दृश्य मला अजून दिसतं. बाबांना तेव्हाच समजलं होतं असं वाटतं, पण ते त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. नात शाळेतून आली की तिला गाळलेला तुकडा सांगायचा, असं मी ठरवलं आहे. ती रोज कुत्री तपासते, तिला आकड्यांचं कळायला हवं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. मला त्या खोट्याचा व्हावा तेवढा पश्चात्ताप होत नाही. तू लॅबमध्ये असायचीस, मी शाळेत, आणि त्या एका जूनमध्ये तू रोज पहाटे मला उठवायला यायचीस. मी पुन्हा तेरा वर्षांचा झालो आणि तू पुन्हा विचारलंस, "नक्की?", तर मी काय म्हणेन, हे मला खरंच माहीत नाही.