आमच्याकडे बैठक

३ फेब्रुवारी
गेला एकदाचा तो दिवाण! तिसऱ्या मजल्यावरून उतरवताना भंगारवाला मला शिव्या घालत होता. घालू दे. पंधरा वर्षं हॉल असून नसल्यासारखा — दार उघडलं की समोर आशाचं अंथरूण. पाहुण्याने बसायचं कुठे? आता छान भारतीय बैठक करणार. गाद्या, लोड, तक्के!

४ फेब्रुवारी
आशाला विचारलं, तू झोपशील कुठे? म्हणाली, "त्याच गाद्यांवर. सकाळी उचलेन ना चादर." कशालाच नाही म्हणत नाही. बेचाळीस वर्षांची झाली नणंद माझी, लग्न जमलं नाही, आणि या घरात तिला स्वतःची खोली नाही. जरा लाजच वाटली मला. जराच. तक्क्यांना अभ्रे मात्र मोरपंखीच हवेत.

७ फेब्रुवारी
झाली बैठक! काय दिसतो हॉल! घरच्या ग्रुपवर टाकलं — "रविवारी आमच्याकडे बैठक. पाच वाजता. सगळ्यांनी यायचं." देवळ्याहून धोंडीरामनानांचे लागोपाठ अकरा नमस्कार! चुलतसासरे असावेत तर असे.

९ फेब्रुवारी, रविवार
हसू की रडू! देवळ्याहून बोलेरो भरून माणसं आली. नाना फेटा बांधून. चुलतसासूबाई चिमणाकाकूंच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात येवल्याची पैठणी. गादीवर टेकता टेकता नाना विचारतात, "पोऱ्या कोठे शे?"

कुठला पोऱ्या?

अगं बाई! गावाकडे बैठक म्हणजे लग्नाची बोलणी! मी बोलावलं गाद्या बघायला, आणि हे आले आशाचं लग्न ठरवायला. महेश चहाचा ट्रे घेऊन दारातच खिळला. आणि मग नवरा असून ट्रेसकट स्वयंपाकघरात पळाला! आशाकडे बघायची माझी हिंमत होईना. तर तीच आधी हसली. मग सगळेच. नानांना गादीवरून उठता येईना, तिघांनी हात देऊन उभं केलं. "लय खोल शे तुमची बैठक," म्हणाले.

काकू पैठणी परत पिशवीत घालायला लागल्या, तर आशा म्हणाली, "राहू द्या, काकू." त्यांचं मन राखलं पोरीने.

१२ फेब्रुवारी
पोळ्या लाटता लाटता आशा म्हणाली, "वहिनी, आमच्या ऑफिसातले धनराज... त्यांच्या घरच्यांना रविवारी बोलावू? बोलणी करायला." मान वर केली नाही तिने.

आता हॉल सगळा माझा. आणि मी वेडी दुपारपासून रडतेय.