नरहरी काकाची दुपारची झोप

९ फेब्रुवारी, रविवार

वाट लागली. पूर्ण वाट लागली.

आज ऐश्वर्याच्या घरी लग्नाचं बोलायले गेलो. आई म्हणत होती, मी येते, तुझा बाप येते, चार माणसांत बोलू. मी म्हणलं नाही — आधी एकटा जातो. इस्त्रीचा शर्ट, पेढ्याचा डबा, बुलेट पुसून चकाचक. त्यांच्या क्वार्टरच्या फाटकाशी गाडी बंद केली नाही तोच तिचे वडील, नरहरी काका, दारात उभे. लुंगी, बनियान, डोळे लालभडक. स्टील प्लांटमधून नाईट करून सकाळी आले होते, नुकताच डोळा लागला होता.

"रोज दुपारी माह्या डोक्यातून जो जाते, तो तूच का?"

मी म्हणलं, नमस्कार काका.

तो मीच. खोटं कायले बोलू. ऐश्वर्या शाळेत शिकवून दुपारी घरी येते, मी त्या सडकेवरून चकरा मारतो, आवाज ऐकून ती गॅलरीत येते. सायलेन्सर बाहेरचा लावेल आहे, नुसता पोंगा, आत जाळी नाही, काही नाही. पावर हाउसच्या चौकात गाडी चालू केली की खुर्सीपार मोहल्ल्यातले पोट्टे माना वळवतात. पण त्या आवाजानं ऐश्वर्या गॅलरीत येते तसे काका पण पलंगावर उठून बसतात, हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नाही. आम्ही दुकानवाले लोक. पंखे-मिक्सर विकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. प्लांटवाल्यांच्या घरी नाईटची झोप म्हणजे देवघर. ऐश्वर्याच्या आईनं, रमा काकूनं, दाराच्या घंटीले चिंधी बांधून ठेवली आहे. काका उठेपर्यंत कुकर लागत नाही. दूधवाला कडी वाजवत नाही, खिडकीत भांडं ठेवेल असते त्यात ओतून जाते. शेजारचे लेकरं पण बॉल खेळतात तर कपड्याचा. अन् मी तिथून रोज तोफ घेऊन जाऊन राहिलो होतो.

काकानं मले खालून वर पाह्यलं. म्हणे, "पोट्टा वाईट नाही दिसत. पण ऐक. माही नाईट असताना दुपारी तू गाडी घेऊन या फाटकाशी ये. ज्या दिवशी माही झोप मोडणार नाही, त्या दिवशी पोरगी तुले देतो. तोवर या घरात चहा बी नाही."

चहा खरंच नाही दिला. पेढे मात्र ठेवून घेतले.

१० फेब्रुवारी, सोमवार

आई म्हणे, "मग कंपनीचा सायलेन्सर परत लाव. एवढं काय त्यात."

एवढंच तर आहे त्यात! कंपनीचा सायलेन्सर मी पोंगा बसवला तेव्हाच राजकुमार मेकॅनिकले देऊन टाकला होता. आज खुर्सीपारले त्याच्या गॅरेजवर गेलो. राजकुमार पान चघळत म्हणे, "वो तो तभी निकल गया भाई. आपने ही बोला था, कबाड़ है, हटाओ." मी असं बोललो होतो म्हणे. नवीन मागवला तर महिना लागते.

अन् महिना नाही माझ्याजवळ. ऐश्वर्याचा फोन आला होता. नागपूरचं एक स्थळ येऊन राहिलं तिच्यासाठी, तेवीस तारखेले, रविवारी. पार्थ नाव. मी विचारलं, काय करते, कसा आहे. ती म्हणे, "चांगला असन. बॅटरीची स्कूटर हाय त्याच्याजवळ."

बॅटरीची. म्हणजे आवाजच नाही. जेवणच गेलं नाही मले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

राजकुमार म्हणे, डोण्ट वरी. पोंग्यात तारेच्या घासण्या ठासायच्या, आवाज आतल्या आत मरते. मी घरून घासण्या नेल्या. आईच्या होत्या तेवढ्या सगळ्या.

ठासल्या. चालू केली. खरंच मस्त आवाज — दबका, खानदानी. मी राजकुमारले मिठी मारायचाच राहिलो होतो.

पावर हाउसच्या पुलावर चढताना मागून पोट्टे ओरडले, "भैया, आग! आग!" पाहतो तर पोंग्यातून ठिणग्या उडून राहिल्या, दिवाळीच्या अनारासारख्या. घासण्या आत लाल झाल्या होत्या. पुलाखाली उतरलो अन् एक घासणी गोळा होऊन सुटली ती सरळ गुपचुपवाल्याच्या पाणीपुरीच्या माठात. छन्न! तिथं एक बाई गुपचुप खाऊन राहिली होती. तिनं तोंडातलं तसंच ठेवलं अन् माझ्याकडे पाह्यलं. गुपचुपवाला माठात हात घालून तो काळा गोळा काढते अन् विचारते, "ये क्या मसाला है, साहब?"

बाकीच्या घासण्या उपसायले गेलो तर हात भाजला. उजवा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आई विचारून राहिली, घरातल्या घासण्या कुठं गेल्या. मी म्हणलं, उंदीर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज डोकं चालवलं. सडकेच्या वळणावरच गाडी बंद केली अन् ढकलत नेली. बुलेट ढकलणं म्हणजे म्हैस घरी नेणं, तिची मर्जी असली तर येते. भाजेल हात, वरून ऊन. शर्ट पाठीले चिकटला. फाटकाशी पोचलो. चिडीचूप. काका आत घोरून राहिले. रमा काकूनं खिडकीतून पाह्यलं अन् तोंडावर हात ठेवला. मी फाटकाले टेकून उभा, मनातल्या मनात पत्रिका छापून राहिलो.

तेवढ्यात काका लघवीले उठले.

दारातून त्यांनी मले पाह्यलं, गाडी पाह्यली. बाहेर येऊन इंजिनावर तळहात ठेवला. "थंडं आहे," म्हणे. "ढकलत आणली का रे, भैताडा?"

मी म्हणलं, पेट्रोल संपलं.

त्यांनी टाकी हलवून पाह्यली. टाकी भरेल होती, सकाळीच भरली होती. नवीन अट लागली: इंजिन चालू पायजे. फाटकापर्यंत.

१६ फेब्रुवारी, रविवार

ऐश्वर्या भडकली. फोनवर म्हणे, "तुले मी पायजे की तो पोंगा पायजे? एकदाचा काढून फेकून दे ना."

मी उत्तर द्यायच्या आधी जरा थांबलो. नुसता श्वास घ्यायले थांबलो होतो, देवाशप्पथ. तिनं फोन ठेवून दिला.

पोंग्याचं दुःख तिले नाही समजत. चौकात मले गंधार म्हणून कोणी ओळखत नाही, "वो बुलेटवाला" म्हणतात. तो आवाज गेला की मी कोण? मिक्सरवाल्याचा पोरगा. हे तिले सांगायची सोय नाही. इथं लिहितो.

पण ती गेली तर बुलेटवाला होऊन तरी काय करू? चकरा कोणाच्या घरासमोर मारू?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं लिहायची लाज वाटून राहिली. तरी लिहितो.

राजकुमारनं पोंग्याच्या तोंडाशी लोखंडी पत्रा वेल्ड करून दिला, मधात बोटाएवढं छिद्र. "अब तो भगवान को भी सुनाई नहीं देगा," म्हणे. आवाज खरंच गेला. आवाजासंगं गाडीचा जीवही गेला. पहिल्या गियरमध्ये कण्हत कण्हत, सायकलवाले मले मागं टाकून जाऊन राहिले. शाळेतून येणारी एक पोरगी हाक मारून म्हणे, "अंकल, धक्का दूँ क्या?" अंकल! तरी दात आवळून गेलो. वळण आलं, चिडीचूप. सडक आली, चिडीचूप. फाटकाशी पोचलो, हळूच ॲक्सिलेटर सोडला —

धडाम!

सुतळी बॉम्ब फुटावा तसा. तो पत्रा उडून समोरच्या क्वार्टरच्या कुंडीत पडला. अन् मग पाहतो तर एकेका दारातून माणसं निघून राहिली. लुंगी, बनियान, अर्धी चड्डी, कोणी नुसता टॉवेल. सडकेवरचे जेवढे नाईटवाले होते तेवढे सगळे. मले माहीतच नव्हतं की एवढी माणसं दिवसा झोपतात. एक म्हातारे काका विचारून राहिले, "फर्नेस फूटा क्या?"

मी मधात उभा. पळावं तर गाडी चालू होत नाही.

नरहरी काका फाटकाबाहेर आले. आज मार खातो असं वाटलं. वरती गॅलरीत ऐश्वर्या डोळे झाकून उभी. काकानं सगळ्यांकडे पाहून हात केला, "घर का मामला है. सो जाओ." घर का, म्हणे! मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मी पट्टी काढून टाकली होती, वाईट दिसते म्हणून.

"हात दाखव."

दाखवला.

"काय लावलं?"

"काही नाही."

"गाढव आहेस." आत गेले. मले वाटलं, संपलं. पण रमा काकू मलम घेऊन बाहेर आल्या. मी पायरीवर बसलो, त्यांनी मलम लावून दिलं. काका दारात उभे राहून पाहत होते. पंचवीस-तीस वर्ष लोखंड वितळवून राहिलेला माणूस, त्यांच्या हातावर अशा भाजल्याच्या खुणा कोपरापर्यंत आहेत. विचारलं, "कंपनीचा सायलेन्सर काढलाच कावून?"

मी म्हणलं, "मूर्खपणा केला, काका."

"हूं." मग म्हणे, "शनिवारी ये. रविवारी नागपूरची माणसं येऊन राहिली, त्यानंतर मले बोलता नाही येणार. शनिवारी शेवटचं."

चहा आजही नाही दिला. पण पाणी दिलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

राजकुमारची कॉलर धरली. तेव्हा आठवलं त्याले — कंपनीचा सायलेन्सर उतईच्या भय्याजी दूधवाल्याले दिला होता. हे आधी कावून नाही सांगतलं? "आपने पूछा कहाँ था भाई, किसको दिया."

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुकान बापाच्या गळ्यात टाकून उतईले गेलो. भय्याजी म्हणजे ढेरीवाला माणूस, जुनी बुलेट, दोन्हीकडे दुधाचे कॅन. अन् तिच्यावर माझा सायलेन्सर! मागच्या बाजूले माझाच ओरखडा. डोळ्यात पाणीच आलं.

मी वाटेत भाषण तयार केलं होतं — लग्नाचा प्रश्न आहे, होणाऱ्या वहिनीची शप्पथ, वगैरे. काही कामी नाही आलं. भय्याजीनं माझा पोंगा एकदा फुर्रकन वाजवून पाह्यला अन् त्याचं तोंड लग्नातल्या नवरदेवासारखं फुललं. म्हणे, सायलेन्सर लावल्यापासून गाडीचा आवाजच होत नाही, बाया भांडं घेऊन बाहेर येत नाहीत, दारोदार ओरडून गळा बसला. "अब तो दू किलोमीटर ले पता चल जाही, दूध आवत हे."

तिथंच गोठ्यासमोर अदलाबदल झाली. वरून एक गिलास ताक पाजलं. मी निंगालो तर मागं तो गोठ्याभोवती पोंगा वाजवत चकरा मारून राहिला होता अन् म्हशी दावं तोडून राहिल्या होत्या.

येताना रस्ताभर मले कोणी वळून पाह्यलं नाही. आधी वाईट वाटलं. मग रस्त्याच्या कडेचे पक्षी ऐकू आले. गाडीवर बसून पक्षी मी पहिल्यांदाच ऐकले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तेल-पाणी, नट-बोल्ट सगळं आवळलं. आईनं गाडीले हळदकुंकू लावलं. अन् नवीन घासण्या माझ्या नजरेसमोर कपाटात टाकून कुलूप लावलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जिंकलो!!

तीन वाजता वळण घेतलं. इंजिन चालू, दुसऱ्या गियरमध्ये, नुसतं डुगडुग-डुगडुग. सडकेवर एक कुत्रं झोपेल होतं, त्यानं डोळा उघडला अन् परत मिटला. तिथंच मले धीर आला. फाटकाशी उभा राहिलो. इंजिन चालूच ठेवलं, लबाडी नको. रमा काकू दारात आल्या, ओठावर बोट, अन् खुणेनं आत बोलावलं. तेव्हाच गाडी बंद केली.

काका पलंगावर आडवे. तोंडावर पंचा. घोरणं असं की पंचा वर-खाली होऊन राहिला. एवढं मोठं घोरणं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. काकू पदर तोंडात धरून हसून राहिल्या, आनंदानं. ऐश्वर्या स्वयंपाकघराच्या दारात, हसू का रडू असं तोंड. मी खुर्चीच्या टोकावर बसलो, श्वास पण मोजून.

बऱ्याच वेळानं काका उठले. आळस दिला, डोळे चोळले. मले पाहून दचकले. "अरे? तू कधी आला?"

मी म्हणलं, मघाशीच, काका. गाडीनं.

"गाडीनं? मले तर काही समजलंच नाही." काकूकडे वळून म्हणे, "चहा ठेव. अन् नागपूरले फोन लाव, म्हणा, येऊ नका."

चहा पिलो. दोन कप. सायलेन्सरले नमस्कार करून घरी आलो. सांगून ठेवतो, इंजिनियरिंग म्हणजे काय ते आज समजलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

ऐश्वर्या आज बोलता बोलता सांगून गेली. शुक्रवारी काकाचा ऑफ होता. रात्रभर घरीच झोपले, काल सकाळी फिरून आले, जेवले, अन् दुपारी पेपर वाचत बसले होते. मी वळणावर आलो तसा त्यांनी पेपर बाजूले ठेवला अन् पंचा तोंडावर घेऊन आडवे झाले.

झोप तर त्यांची रात्रीच झाली होती. दुपारी ते माझ्यासाठी झोपले.