बर्निसची जेवणाची सुट्टी

तीर्थस्वरूप इर्मामावशी,

वेंडेलचा दुरूनच वाकून नमस्कार (फार वाकवत नाही, कंबर धरली आहे). तुझा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेली काठी तू टोमॅटोच्या वेलाला आधार म्हणून रोवलीस असं ऐकलं. वेल बरा आहे ना? मेल्विनकाका गेल्यापासून तुझा तबेला रिकामा पडलाय म्हणतेस, त्याचं छप्पर अजून धड असेल, नाही का? सहज विचारतो. तू पाठवलेली गोड ज्वारीची काकवी पोचली. इतकी उत्तम होती की बरणी कधी रिकामी झाली कळलंच नाही.

मावशी, मी हादरलो आहे. सरकारी कॉलेजात इतकी वर्षं काढली, पण या दोन महिन्यांत जे पाहिलं त्याने माझा शिकलेल्या माणसांवरचा विश्वासच उडाला. तू आमच्या हद्दीत राहत नाहीस, तुला इथे मत नाही, म्हणजे तुला हे कळवणं प्रचारात मोडत नाही (मी नीट विचार करून मगच लिहायला बसलो आहे, आणि कागद घरचा आहे).

त्याचं असं झालं. आमच्या कॉलेजला कर्ज काढायचं आहे. कॉलेज सरकारी, तेव्हा कर्जरोखे काढायचे तर गावाने मत देऊन हो म्हणायला हवं, कारण फेडायचं गावानेच, घरपट्टीतून. या ठरावाचं नाव ‘जे’, मतदान नोव्हेंबरात. गरज खोटी नाही. ग्रंथालयात मुलं छत्री उघडून वाचतात. पण सगळ्यात वाईट हाल आमच्या शेतकी विभागाच्या तबेल्याचे, म्हणजे पर्यायाने बर्निसचे. बर्निस हे आमचं म्हातारं खेचर. ती कॉलेजचं शुभचिन्ह, खेळाडूंच्या छातीवर तिचं चित्र, आणि तिच्या स्वतःच्या पाठीवर मात्र छपराचं पाणी. गेल्या हिवाळ्यात ती खोकायला लागली की मला घरी घास जात नसे. मला दुसरं कोण आहे, मावशी? तेव्हा आमचे प्राचार्य डॉ. लायल पेनिंग्टन स्वतः तबेल्यात आले, तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, “वेंडेल, ‘जे’ मंजूर होऊ दे, पहिलं छप्पर हिचं.” तेव्हापासून मी ‘जे’चा माणूस.

सप्टेंबरात कॉलेजच्या वकील आराकेलियनबाईंनी आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवून कायदा सांगितला. कॉलेजने लोकांना माहिती द्यावी, मत मागू नये. कॉलेजचा कागद, फोन, गाडी, पगाराचा वेळ, काही म्हणजे काही प्रचाराला वापरायचं नाही. “कॉलेजची टाचणीसुद्धा नाही,” असं म्हणून बाईंनी टेबलावरची टाचणी उचलून दाखवली. स्वतःच्या वेळेत, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत वगैरे, नोकरांनी हवा तो प्रचार करावा. मला हे इतकं पटलं की मी खिशातलं कॉलेजच्या पेन्सिलीचं थोटूक तिथल्या तिथे परत केलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून काय सुरू झालं म्हणतेस! फाटकावरच्या विजेच्या पाटीवर झळकू लागलं, ‘आमचं छप्पर गळतं. मतदान पाच तारखेला.’ नाट्यविभागाने बाजारात एक नाटक केलं, त्यात एक ओलीचिंब मुलगी शेवटपर्यंत शिंकते आणि तिची आई प्रेक्षकांकडे बोट दाखवून विचारते, “हिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा!” पाकशाळेच्या मुलांनी सामन्याच्या दिवशी फुकट सूप वाटलं, तेही तळाला भोकं पाडलेल्या पेल्यांतून (लोकांना गळतीची कल्पना यावी म्हणून, चार जणांचे पाय भाजले). आणि जाहिरातशास्त्राच्या वर्गाला गृहपाठ काय, तर रोज संध्याकाळी कॉलेजच्या फोनवरून गावकऱ्यांची ख्यालीखुशाली विचारायची. मी प्राचार्यांना गाठून म्हटलं, “साहेब, टाचणी?” तर माझ्या खांद्यावर थोपटून म्हणतात, “वेंडेल, आपण फक्त माहिती देतोय.” आराकेलियनबाई दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या.

कळस झाला तो माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या मिरवणुकीत. दरवर्षी बर्निस कॉलेजचा गाडा ओढते. यंदा बघतो तर तिच्या पाठीवर झूल, आणि झुलीवर फूटभर अक्षरांत ‘जे’ला होय. मी लगाम धरून उभा राहिलो, म्हटलं हे चालणार नाही. प्राचार्य म्हणाले, “झूल कॉलेजची नाही, आमच्या हिने शिवलीय.” मी म्हटलं, “पण खाली खेचर कॉलेजचं आहे!” शेवटी बाईंना बोलावलं. त्यांनी खूप वेळ डोळे मिटले आणि झूल दुमडायला लावली, तेव्हा वर नुसता ‘जे’ उरला. निघालो.

आता वॉलनट रस्त्यावर राहतात हॉलिस डँकवर्थ, मनुकांच्या द्राक्षांचे मोठे बागायतदार, ‘जे’च्या विरोधी गटाचे पुढारी. हाताला इतके घट्ट, की त्यांच्या गटाच्या ‘जे’ला नाही म्हणणाऱ्या पाट्या साध्या पुठ्ठ्याच्या. त्या रस्त्यावर अंगणाअंगणात रोवलेल्या. पहिल्या पाटीजवळ बर्निस थांबली. हुंगली. आणि मावशी, जी बाई शिळ्या गवताला तोंड लावत नाही तिने ती पाटी चारही कोपऱ्यांसकट खाल्ली! मग दुसरी. मग पुढच्या अंगणातली. मी लगाम ओढतोय, गाड्यावरची बँडवाली पोरं पडतायत, गाव टाळ्या पिटतंय, आणि डँकवर्थ ओट्यावर उभे राहून ओरडतायत, “माझ्या घरपट्टीवर पोसलेलं खेचर माझीच पाटी खातंय!”

डँकवर्थनी रीतसर तक्रार केली. लगेच विश्वस्तांची सभा भरली आणि तिथे जे ऐकलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. प्राचार्य उठून गंभीरपणे म्हणाले, की पाट्या खाताना बर्निस कामावर नव्हती, ती जेवणाच्या सुट्टीत होती. “कशावरून?” डँकवर्थनी विचारलं. “ती जेवत होती,” प्राचार्य म्हणाले. यावर विश्वस्तांनी तासभर खल केला, की खेचराला सुट्टी कोणत्या नियमाने मिळते आणि ती गाड्याला जुंपून घेता येते का. एका विश्वस्ताने तिच्या मतस्वातंत्र्याचा मुद्दा काढला. आराकेलियनबाई हसत होत्या का रडत होत्या ते मागच्या रांगेतून दिसलं नाही. शेवटी प्राचार्यांनीच तोडगा सुचवला. राज्याचे चौकशी अधिकारी यायच्या आत बर्निसला ‘निकामी मालमत्ता’ ठरवून लिलावात काढायचं, म्हणजे खेचरही नाही आणि प्रश्नही नाही. सगळ्यांनी हात वर केले. मानेवर ठेवला होता तोच हात, मावशी!

दुसऱ्या दिवशी पावसात डँकवर्थ तबेल्यात आले, पुराव्याला फोटो काढायला. त्यांच्या टोपीवर वरून धार लागली. वर बघत म्हणाले, “अरे, हे तर खरंच गळतंय!”

मी म्हटलं, “म्हणून तर ‘जे’ हवाय. पहिलं छप्पर हिचंच होणार होतं.”

“कुणी सांगितलं? ठराव वाचलात का? ग्रंथालय आहे, तीन मजली वाहनतळ आहे, प्राचार्यांचं नवं दालन आहे. तबेला कुठेच नाही.”

मी ओटच्या पोत्यावर मटकन बसलो. सगळं गाव मला ‘जे’चा कट्टर म्हणून ओळखतं, आणि मी ठराव वाचलाच नव्हता. डँकवर्थनी फोटो काढला नाही. बराच वेळ बर्निसचे कान खाजवत राहिले, मग ओली टोपी पिळून निघून गेले. त्या रात्री पहिल्यांदा मला बर्निसच्या तोंडाकडे बघवेना.

असो. थंडी वाढते आहे, पायमोजे घालत जा, आणि काठी वेलाकडून परत घे.

तुझा,
वेंडेल

ता. क. लिलाव येत्या शनिवारी आहे. आम्हा नोकरांना बोली लावता येत नाही. तू नोकर नाहीस. कसायांचे दलालही येतात म्हणे. मावशी, तेवढी ये. पैसे माझे, तबेला तुझा, आणि रविवारचा खरारा करायला मी येतोच.

ता. क. दुसरा. गाडीची काळजी करू नकोस. डँकवर्थ स्वतःची जनावरांची गाडी घेऊन तुला न्यायला येतील. म्हणाले, “तिने माझं एवढं खाल्लंय, आता कोरड्यात तरी राहू दे.” मनाचा मोठा माणूस, मीच ओळखला नाही.

ता. क. तिसरा. वाटेत त्यांनी विचारलं, की इतक्या घरांतून बर्निस नेमक्या त्यांच्याच पाट्यांपाशी कशी थांबली, तर काकवीचं अवाक्षर काढू नकोस. तुझी बरणी धुऊन सोबत पाठवतो आहे. फासायला घेतलेला ब्रश कॉलेजचा होता, तो जागच्या जागी ठेवला आहे.