उशिरा येणारं हसू

तंजावूर,
१२ ऑगस्ट २०२४

ती. अण्णास,
भवानीचा नमस्कार. इकडे सगळं बरं आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. अम्माचा गुडघा तसाच. पापनाशमकडे भात छान उभं आहे म्हणतात.

मेसेज पाठवला नाही, कारण अप्पा आता सगळ्यांचे फोन उघडून वाचतात. कागदही सोडत नाहीत, पण त्यांचं शिक्षण तमिळ-इंग्रजीत झालेलं, नागरी अक्षरं त्यांना येत नाहीत. आपण दोघं भावंडं हिंदीच्या परीक्षांना बसलो ते असं कामी आलं.

सकाळच्या कॉफीला इंग्रजी पेपरातलं व्यंगचित्र अप्पांनी मोठ्यानं वाचायचं आणि त्यातली गंमत अम्माला मराठीत उलगडून सांगायची, हा आपल्या घरचा नेम. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस. आषाढात एकदा त्यांनी वाचलं आणि अम्मालाच विचारलं, "ह्यांत हासाया काय आहे गे?" अम्माला वाटलं, थट्टा करतायत.

पुढचं तुला रविवारी सांगितलं आहे, तरी पुन्हा लिहिते. शेजारचे कृष्णस्वामी मामा मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला आले. इतक्यात बोभाटा नको म्हणून म्हणाले, "सर, डोन्ट स्पिल द बीन्स." अप्पा वाकले, टेबलाखाली पाहून आले. "बीन्स कोठें पडल्या? नाहीं पडल्या." आम्ही हसलो. अप्पांनी आमची तोंडं पाहिली आणि मग तेही हसले. आता रोज तसंच. आधी अम्माचं तोंड, मग हसू.

त्रिचीच्या डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन काढला. हा आजार मागे फिरणारा नाही. घरात आणखी कुणाला होता का, असं त्यांनी विचारलं. ओरत्तनाडच्या रघोजी काकांचं सांगावं लागलं. त्यांचं पन्नाशीच्या आतच सुरू झालं होतं, आणि सगळे त्यांना तऱ्हेवाईक म्हणत राहिले. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून उतरू शकतं, मुलांनी जपा.

मी जपते आहे. पण मघापासून मी आडवळणानंच चालले आहे, अण्णा. हे पत्र अप्पांबद्दल नाही.

रविवारी व्हिडिओवर ही बीन्सची गोष्ट सांगितली, तेव्हा तू म्हणालास, "मग सांडल्या कोठें होत्या?" मला वाटलं, खेचतोयस. इंग्रजी म्हणींवर कोट्या करून तू मला रडकुंडीला आणायचास, म्हणून मी वाट पाहिली. मागून कविता वैनी हसल्या. तू वळून त्यांच्याकडे पाहिलंस. मग हसलास.

ते मला तोंडानं सांगवलं नाही. वैनींनाही आज वेगळं लिहिते आहे. हैदराबादेत एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव, उशीर करू नकोस. मला फार भीती वाटते रे. माझं चुकलेलं असलं तर मारुतीला वड्यांची माळ घालीन. तुला राग येईल, तो येऊ दे. बावळट म्हण, चार माणसांत माझी टर उडव. फक्त ते आपणहून कर, वैनींकडे न पाहता.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारी,
भवानी